काचेविनाचा दसरा

‘काकू’ म्हटलेलं बाईंना अजिबात खपायचं नाही. कुवेतच्या सालमियात आम्ही मराठी बायका एकमेकींच्या सासवांना, आयांना, अगदी लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईलाही बिनदिक्कत काकू म्हणतो. लेकीला चित्रकलेच्या वर्गाला सोडायला पहिल्यांदा गेले तेव्हा मीही सवयीनं म्हणून गेले, "काकू, हिला जरा सांभाळून घ्या हं." दारातच उत्तर आलं, "मी कुणाची काकू नाही. बाई म्हण. आणि सांभाळून घ्यायला हे काय पाळणाघर आहे?" मी मनात म्हटलं, कर्म माझं! ही बाई माझ्या पोरीला शिकवणार की फाडून खाणार?

इथल्या एका शाळेत वर्षानुवर्षं चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि सुट्टीच्या सकाळी घरीच मुलांचा वर्ग घ्यायच्या. वर्ग कसला, परीक्षाच ती. खोडरबर दारात काढून घ्यायच्या. म्हणायच्या, "रेघ मारायच्या आधी विचार कर. मारलीस की ती तुझी. चुकली तरी तुझीच." ‘छान’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. फारच खूश झाल्या तर चित्राकडे बघून "हं, खोटं नाही काढलेलं," एवढंच. एका आईला त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "तुमचा मुलगा चित्र काढत नाही, कागद काळे करतो. त्याला पोहायला घाला." मुलगा पुढे खरंच चांगला पोहायला लागला, पण ती आई अजून बाईंचं नाव काढलं की तोंड वाकडं करते.

खोटं बोलणं तर बाईंना जमायचंच नाही. जमायचं नाही म्हणजे त्याचा त्यांना तिटकाराच होता. एकदा मी बसलेली असताना त्यांच्या यजमानांचा मोबाइल वाजला. यजमानांना आम्ही सगळे काका म्हणायचो आणि त्यांना ते आवडायचंही. काका मंगफच्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात होते, साठी कधीच उलटली होती पण कंपनी त्यांना सोडत नव्हती. काकांनी हातानं खूण केली, नाही म्हणून सांग. बाईंनी फोन कानाला लावला आणि म्हणाल्या, "आहेत. इथंच बसलेत. पण तुमच्याशी बोलायचं नाही म्हणतायत." काकांनी कपाळावर हात मारून घेतला. अशा घरात माणूस गेला की आपोआप पाठ ताठ करून बसतो, तसं माझं व्हायचं.

त्यांच्या हॉलचे पडदे कायम ओढलेले असायचे. बाहेर भर दुपार आणि आत ट्यूबलाइटसुद्धा नाही, कोपऱ्यात एक पिवळा दिवा फक्त. कारण समोरच्या भिंतीवर एक जर्मन चित्र होतं, उजेडानं त्याचा कागद खराब होईल म्हणून. वहीच्या पानाहून जरा मोठं, काळ्या शाईचं, जुन्या जाड कागदावर छापलेलं. बाईंनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, की असं चित्र आधी तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओढतात, मग तो पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवतात, अ‍ॅसिड त्या रेघा खाऊन खोल करतं, मग त्यात शाई भरून कागदावर दाबतात. हे एकोणिसाव्या शतकातलं होतं. एक मोठं ओकचं झाड, मागे नदी, नदीपलीकडे टेकडीवर पडका किल्ला. झाडाखाली दगडावर एक मुलगी बसलेली आणि तिच्यापासून दोन पावलांवर हातात टोपी घेतलेला एक तरुण. बस. पण त्या झाडाचं एकेक पान सुईनं ओढलेलं होतं. माझ्यासारख्या आकडेमोडीतल्या बाईचाही जीव त्यात अडकायचा.

नवीन येणाऱ्या प्रत्येकाला बाई त्या चित्रापुढे उभं करायच्या आणि विचारायच्या, "हा आलाय की निघालाय?" मुलगा असो, आई असो, पाणी भरायला आलेला माणूस असो, सुटका नाही. आम्ही मराठी माणसं हमखास ‘निघालाय’ म्हणायचो. वर्गात एका अरब मुलीची आई यायची, ती ठामपणे म्हणाली, आलाय. बाई त्या दिवशी खूप वेळ विचार करत बसल्या आणि मग मला म्हणाल्या, "ती उजवीकडून डावीकडे वाचते गं. तिला तो आधी दिसतो, मुलगी नंतर." स्वतः बाईंचं मत काय ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा फारच खोदून विचारलं तर म्हणाल्या, "माझं चित्र नाही ते. मी कशाला मत देऊ?"

तीच तर गोष्ट होती. ते चित्र बाईंचं नव्हतंच. खूप वर्षांपूर्वी शेजारच्या फ्लॅटमध्ये एक जर्मन बाई राहायची, तिचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीला मायदेशी जाताना तिनं ते भिंतीवरून काढून बाईंच्या हातात दिलं, परत आले की घेईन, तोवर सांभाळ. ते साल नव्वदचं. ऑगस्टात इराकचं सैन्य इथं घुसलं, ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. ती जर्मन बाई परत आलीच नाही. लढाई संपल्यावर बाई आणि काका मात्र पुन्हा कुवेतला आले, चित्र घेऊनच. कुणी चित्राचं कौतुक केलं की बाई लगेच सांगायच्या, "ठेवायला दिलंय. जसं दिलं तसं परत करायचंय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की मला त्याचा रागच यायचा. म्हटलं, अहो बाई, कोण येतंय आता? आता ते तुमचंच!

आणि एक दिवस मेसेज आला. त्या जर्मन बाईच्या मुलीचा. आई वारली होती, आईच्या बोलण्यात कायम बाईंचं नाव असायचं, शाळेच्या जुन्या माणसांकडून शोधत शोधत ती बाईंच्या नंबरापर्यंत पोचली होती. कामानिमित्त कुवेतला येतेय, रविवारी संध्याकाळी भेटू का? बाईंनी मला फोन करून वाचून दाखवला तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच लागत होता. मी विचारलं, "वाईट वाटतंय का?" तर फाडकन म्हणाल्या, "वाईट कसलं? सुटेन मी."

रविवारच्या आधीचा शनिवार दसऱ्याचा होता. चित्राच्या काचेवर एक जुना चरा होता, तो बाईंना खटकत होता. नवी काच बसवायला त्यांनी फ्रेम दुकानात दिली, पण चित्र काही कुणाच्या हाती दिलं नाही. ते त्यांनी स्वतः सोडवलं आणि जेवणाच्या टेबलावर दोन पांढऱ्या कागदांमध्ये झाकून ठेवलं. दसऱ्याच्या सकाळी दुकानातून फोन आला, काच कापताना फ्रेमच्या मापात काहीतरी गडबड झाली आहे. बाई तणतणत निघाल्या.

मी त्याच वेळी सोनं द्यायला गेले होते. इथं आपट्याची पानं वेळेला मिळतीलच असं नाही, म्हणून लेकीनं सोनेरी कागदाची कापून दिली होती. दार काकांनी उघडलं. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध, चेहरा नुसता फुललेला. "ये ये, बघ कशी पूजा मांडलीय!" टेबलावर सगळी शस्त्रं मांडली होती. काकांची पट्टी, कंपास, लॅपटॉप, गाडीची किल्ली. बाईंचे ब्रश, बोरू, शाईची दौत. आणि मधोमध, वरचा पांढरा कागद बाजूला सारून, चित्र. त्या दगडावरच्या मुलीच्या कपाळावर हळदीकुंकवाचं ओलं बोट.

माझ्या हातातलं सोनं खाली पडलं. मी म्हटलं, "काका! अहो, हे काय केलंत?"

"का? हिचं सगळ्यात मोठं शस्त्र तर हेच ना. दरवर्षी लावतो मी."

"काका, काच कुठाय?"

त्यांनी खाली पाहिलं. दरवर्षी ते काचेवर बोट टेकवायचे आणि दरवर्षी बाई करवादत फडक्यानं पुसून टाकायच्या. यंदा काच दुकानात होती. मी कधी कुणाच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरलेला पाहिला नव्हता. ते धावत बेसिनकडे गेले आणि ओल्या कापसावर साबण घेऊन आले. मी त्यांचा हात धरला. "साबण नको! हळदीला साबण लागला की लालभडक होते!" एवढं तर आपल्याकडच्या कुठल्याही बाईला कळतं. आम्ही दोघं त्या कापसासाठी झटापट करत होतो आणि कुलपात किल्ली फिरली.

बाई आत आल्या. टेबलाकडे गेल्या. मला वाटलं, आता ओरडतील, आता ताट भिरकावतील, आणि खरं सांगते, तसं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली, चष्मा बदलला, वाकून पाहिलं.

"अगं, मी..." काका म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. "यांना सांग, आत जाऊन बसा."

काका दोन हातांवर उभे होते आणि मला सांगायचं, यांना सांग! पण मी सांगितलं. काका आत गेले. मग बाईंनी मऊ ब्रशनं वरची कोरडी पूड हळूहळू झटकली. पूड गेली, पण ओलं लागलेलं कागदात उतरलं होतं. पिवळा ठिपका, त्याच्या मधे लाल. बाईंनी ब्रश खाली ठेवला. "तीस-पस्तीस वर्षं," त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं सांभाळलं. आणि उद्या ती येणार."

मी म्हटलं, "बाई, कपड्यावरचा हळदीचा डाग आपण उन्हात टाकतो. जातो की नाही?"

त्यांनी माझ्याकडे जळजळीत नजर टाकली. ज्या कागदाला त्यांनी एवढ्या वर्षांत दिव्याचा प्रकाशसुद्धा मोजून दिला, त्याला मी कुवेतच्या उन्हात टाका म्हणत होते. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "आणि कुंकू?"

"हळदीचं घरगुती असेल तर तेही उडेल. रंगाचं असेल तर नाही."

"यांना विचार, कुठलं होतं."

आतून काकांचा आवाज आला, की ताईनं गावाहून पाठवलेलं थोडं उरलं होतं, त्यातच खालच्या बकालातून, किराणा दुकानातून आणलेली पुडी ओतली होती. बाईंनी डोळे मिटले.

मग त्या कामाला लागल्या. काळं जाड कार्ड घेतलं, मुलीच्या कपाळाची जागा मोजली आणि ब्लेडनं तेवढंच भोक पाडलं, वाटाण्याएवढं. ते कार्ड चित्रावर ठेवलं की सगळं अंधारात आणि फक्त कपाळ उघडं. हारिसकडून, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराकडून, गच्चीची किल्ली आणली. बारा वाजता आम्ही तिघं गच्चीवर होतो, पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेनांच्या मधे. ऑक्टोबर असला तरी इथलं ऊन कातडी सोलून काढतं. चित्र पाटावर ठेवून बाई छत्री घेऊन शेजारी बसल्या. सावली सरकली की पाट सरकवायचा. पाण्याची बाटलीसुद्धा जवळ आणू देईनात, थेंब उडेल म्हणून. वारा जरा वाढला की मी कार्डाची कडा दाबून धरायचे. काका टाकीच्या सावलीला, लांब, शाळेत अंगठे धरून उभं केलेल्या पोरासारखे.

मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी जाऊन म्हटलं, "काका, काचेवर का होईना, पण दरवर्षी कशाला लावता? त्यांना आवडत नाही, माहितेय ना?"

काकांनी एकदा बाईंच्या पाठीकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात बोलू लागले. लढाईत बाहेर पडायचं तेव्हा माणशी एक बॅग घेता येत होती. बाईंनी चित्र घेतलं. काकांनी ते गुंडाळून आपल्या ड्रॉइंगच्या नळकांड्यात घातलं, कामाच्या नकाशांच्या आत, आणि खांद्याला अडकवलं. वाटेत एका चौकीवर बस थांबवली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. सैनिकानं नळकांडं उघडलं. नकाशे बघून तो भडकला, फाडून टाकले. मग हे चित्र निघालं.

"तेही फाडणार होता. दोन्ही हातांनी धरलं होतं त्यानं. मला विचारलं, ही कोण? माझ्या तोंडून निघून गेलं, माझी बायको. अरबीत म्हटलं. तो बघतच राहिला. ती गोरी मेम आणि मी हा असा! मग जो हसायला लागला! दुसऱ्यांना बोलावून दाखवलं, सगळे हसले. आणि गुंडाळून परत दिलं."

"बाईंना माहितेय हे?"

"छे गं. तिला खोटं चालतं का? पण माझ्या मनात बसलं ते. एवढी मोठी गोष्ट तिच्या नावावर बोललो. म्हणून दसऱ्याला बोट टेकवतो. बायको म्हटलं तर कपाळ मोकळं कसं ठेवायचं?"

मला हसावं की रडावं कळेना. बाईंच्या छत्रीकडे पाहिलं. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता. त्या जराही हलल्या नाहीत.

दुपार कलली तसं बाईंनी कार्ड उचललं. पिवळा पूर्ण गेला होता! मी टाळ्याच वाजवल्या. पण मधला लाल होता, फिका झालेला, गुलाबी म्हणावा असा, तरी होता. "पुडीतलं," बाई एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्यायचं ठरलं. मी ऑफिसला पोट दुखतंय म्हणून कळवलं. पण रविवार उजाडला तोच धुळीनं. समोरची इमारत दिसत नव्हती, मग ऊन कुठलं? दिवसभर बाई खिडकीचा पडदा बाजूला करून आकाशाकडे बघत होत्या. त्या घरात पडदा उघडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. काकांनी तीनदा चहा केला, तीनदा बाईंनी तो न पिता बाजूला सारला. काकांशी त्या अजून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मला राहवेना, म्हटलं, "बाई, नव्या काचेतून एवढं दिसणारही नाही. तिनं तर लहानपणी पाहिलेलं असणार. काही बोलू नका." त्या म्हणाल्या, "तुला जायचं असेल तर जा."

संध्याकाळी बेल वाजली. ती मुलगी म्हणजे पन्नाशीची, उंच, केसांना धूळ लागलेली. नमस्कार-चमत्कार झाले, सगळं इंग्रजीत. बसायच्या आधीच बाई म्हणाल्या, "आधी हे बघून घे," आणि नव्या काचेच्या फ्रेममध्ये बसवलेलं चित्र तिच्या हातात दिलं. तिनं ते दिव्याखाली धरलं. झाड पाहिलं, किल्ला पाहिला, डोळे भरून आले तिचे. मग तिचं बोट काचेवर थांबलं.

"हे पूर्वी नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं," बाई म्हणाल्या.

"कुणी केलं?"

स्वयंपाकघराच्या दारात काका चहाचा ट्रे घेऊन उभे होते. कप वाजायला लागले. त्यांनी तोंड उघडलं, "मी..."

"मी," बाई त्यांच्यावर आवाज चढवून म्हणाल्या. "माझ्या हातानं झालं. तुझ्या आईला मी शब्द दिला होता, तो मला पाळता आला नाही. मला माफ कर."

बाई खोटं बोलल्या! आणि पापणी लवली नाही. ती मुलगी चित्राकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. मग तिनं विचारलं, "हे निघेल?"

"अजून ऊन दिलं तर कागद जाईल."

"मग नको." ती खुर्चीवर बसली. "आई असती तर रागावली असती. ती या चित्राला हातसुद्धा लावू द्यायची नाही. मी नाही रागावणार. आईला वाटायचं, चित्र गेलं आणि कदाचित तुम्हीही." तिनं चहा घेतला, अर्धा प्यायली, चित्र स्वतःच्या स्कार्फमध्ये गुंडाळलं. निघताना तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मग काकांचाही. काकांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

दार लागलं. भिंतीवर चित्राची चौकोनी जागा तेवढी उजळ राहिली होती. काका तसेच उभे.

"अगं," शेवटी ते म्हणाले, "माझ्यासाठी खोटं कशाला बोललीस?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. कालपासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"खोटं कुठं बोलले? चौकीवर तुम्ही काय सांगितलंत त्याला? ही माझी बायको. मग ती मी. आणि माझं कुंकू मी लावते की तुम्ही?"

काकांचा बांध फुटला आणि ते हुंदके देत खाली बसले. बाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या, गुडघे दुखत होते तरी, आणि मला म्हणाल्या, "तू आता घरी जा. लेक वाट बघत असेल."